बेकारी भत्त्याचा हक्क आणि अपिलाची वाट : हिर्डोशी खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर विपुल लेखन झाले आहे. दुष्काळनिवारण, मजुरीचे दर, स्त्रियांचा सहभाग आणि निर्माण झालेल्या मत्तांची उपयुक्तता हे त्या लेखनाचे प्रमुख विषय होत. त्या मानाने या योजनेतील एका तरतुदीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. मागणी करूनही काम न मिळाल्यास मजुरास बेकारी भत्ता देण्याची ही तरतूद होय. हमी आणि मदत यांतील भेद याच तरतुदीत सामावलेला आहे. काम देणे शासनाच्या इच्छेवर अवलंबून असेल तर ती मदत ठरते. काम न दिल्यास शासनाला दंडादाखल रक्कम मोजावी लागत असेल तरच तिला हमी म्हणता येते. मात्र भत्ता नाकारला गेल्यास मजुराने दाद कोठे मागावी, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखात भोर तालुक्यातील हिर्डोशी खोऱ्याची पार्श्वभूमी ध्यानात घेऊन या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

दाद मागण्याची जुनी परंपरा

हिर्डोशी हे गाव नीरा नदीच्या वरच्या खोऱ्यात, भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या मार्गाच्या परिसरात वसले आहे. हा प्रदेश इतिहासात हिरडस मावळ या नावाने प्रसिद्ध आहे. या मावळाची देशमुखी बांदल घराण्याकडे होती आणि बाजीप्रभू देशपांडे याच मावळातील होत. पुढे हा मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानात होता व १९४८ मध्ये संस्थानाच्या विलीनीकरणानंतर तो मुंबई राज्यात समाविष्ट झाला.

मराठा काळातील न्यायव्यवस्थेचा विचार करता एक बाब ठळकपणे जाणवते. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा अथवा मजलस भरत असे. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत, निर्णय मान्य करण्याविषयी राजीनामे घेतले जात, गोही-साक्षी होत आणि निवाड्याचा महजर केला जाई. हरणाऱ्याकडून येजितखत घेतले जाई. जिंकणाऱ्याने हरकी आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावी, असा रिवाज होता. निर्णय मान्य नसेल तर दुसऱ्या स्थळी मनसुबी व्हावी, अशी मागणीही करता येत असे. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या कार्यपद्धतीचे सविस्तर विवेचन आढळते.

अर्थात, ही सारी व्यवस्था मुख्यतः वतनदारांची होती. ज्याच्यापाशी वतन, त्याच्यापाशी कागद. आणि ज्याच्यापाशी कागद, त्यालाच पुन्हा दाद मागण्याची सोय. ज्याच्या हाती केवळ श्रम होते, त्याच्या कामाचा हक्क कोणत्याही महजरात नोंदला गेला नाही. भूमिहीनाचा कामावरील हक्क कायद्याच्या भाषेत मांडला जाण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

रोजगार हमी कायदा आणि बेकारी भत्ता

विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ मध्ये योजनेला राज्यव्यापी स्वरूप मिळाले. त्याच सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळामुळे शासनाचा भर दुष्काळी कामांवर राहिला व त्यानंतर योजना पुन्हा पुढे आली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू करण्यात आला. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीस अकुशल काम मागण्याचा हक्क त्याने दिला. मागणीपासून पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता देण्याची तरतूदही त्यात होती.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने दुष्काळ जाहीर होण्याची अट घातली नाही. हिर्डोशी खोऱ्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे होते. येथे पाऊस मुबलक पडतो. भात व नाचणी ही मुख्य पिके. दुष्काळी तालुक्यांच्या यादीत हा मुलूख सहसा बसत नाही. तथापि भाताची कापणी-झोडणी उरकली की डोंगर उतारावरील शेतात काम उरत नाही आणि पुणे-मुंबईची वाट धरावी लागते. अवर्षणाऐवजी हंगामी बेकारी हे येथील दुखणे होय. हमीचा कायदा अशा प्रदेशालाही तितकाच लागू होता.

नकाराविना नाकारणे

कायद्याप्रमाणे मजुराने आधी नावनोंदणी करावयाची व नंतर नमुना क्रमांक ४ मध्ये कामाची मागणी करावयाची. भत्त्याचा सारा दावा या मागणीच्या दिनांकित पोचपावतीवर अवलंबून होता. पावती नसेल तर पंधरा दिवसांची मुदत सुरूच होत नाही. मुदत सुरू झाली नाही तर भत्ता देय होत नाही. आणि भत्ता देयच नसेल तर तो नाकारला गेला असे म्हणता येत नाही. नकाराचा लेखी आदेश नसल्यावर अपील कशाविरुद्ध करावयाचे?

येथे मराठाकालीन पद्धतीशी असलेला विरोध लक्षणीय ठरतो. वतनदाराच्या पराभवाचाही कागद होत असे. मजुराच्या हाती त्याच्या अर्जाचाही कागद नसे. अर्ज फेटाळण्यापेक्षा तो न स्वीकारणे प्रशासनाच्या अधिक सोयीचे होते. भत्त्याची रक्कम अल्प असली तरी तो देणे म्हणजे काम पुरविण्यात कसूर झाल्याची लेखी कबुली होती, हे विसरून चालणार नाही.

डोंगरी भागात आणखी एक अडचण होती. नवे काम सुरू करण्यासाठी सामान्यतः पन्नास मजुरांची मागणी आवश्यक मानली जाई. सपाटीवरील मोठ्या गावात ही संख्या सहज भरते. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांच्या खोऱ्यात ती जुळविणे कठीण जाते. म्हणजे नियम सर्वांना सारखा, पण त्याचा भार सारखा नव्हता.

१९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर योजनेतील मजुरीचा दर दुपटीने वाढला. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा निष्कर्ष काढला की, या वाढीनंतर उपलब्ध रोजगारावर मर्यादा पडल्या व हमीचे स्वरूप दुबळे झाले. कामाची मागणी पुरी होत नसताना बेकारी भत्त्याचे दावे वाढावयास हवे होते. परंतु भत्ता हा योजनेच्या इतिहासात अपवादानेच दिला गेला. यावरून दोष हक्काच्या शब्दांत नसून तो बजावण्याच्या मार्गात होता, असे म्हणता येईल.

२००५ चा केंद्रीय कायदा

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५ मध्ये संमत होऊन फेब्रुवारी २००६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्याने ही वाट काहीशी स्पष्ट केली. पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश व त्यानंतर किमान निम्मा भत्ता ठरला. भत्ता देता आला नाही तर कार्यक्रम अधिकाऱ्याने त्याची कारणे ग्रामपंचायतीच्या फलकावर जाहीर करावीत, असे बंधन आले. तक्रार सात दिवसांत निकाली काढावयाची होती. महाराष्ट्रात कार्यक्रम अधिकाऱ्याची जबाबदारी तहसीलदाराकडे आली. २००९ मध्ये केंद्राने जिल्ह्यासाठी स्वतंत्र तक्रार निवारण प्राधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. पन्नास मजुरांची अट डोंगरी भागात शिथिल करण्याची मुभाही या कायद्याच्या अनुसूचीत होती.

मात्र त्यात एक अंतर्विरोध राहिला. अकुशल मजुरीचा खर्च केंद्राचा आणि बेकारी भत्त्याचा खर्च राज्याचा, अशी विभागणी होती. राज्याने काम द्यावे म्हणून हा बोजा त्याच्यावर टाकला होता. प्रत्यक्षात भत्त्याचा दावा नोंदलाच जाऊ नये, याकडे कल वाढण्याचा धोका निर्माण झाला. तरीही मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात, पाटी येथे संघटित आदिवासी मजुरांनी मागणीच्या पावत्या मिळविल्या, दावे लावून धरले व भत्ता पदरात पाडून घेतला. पावती आणि संघटन असेल तर कायदा चालतो, हे त्या उदाहरणाने दाखविले.

तौलनिक विचार

ब्रिटनच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात बेकारी लाभाचा दावा विमा अधिकाऱ्याने नाकारल्यास तो मालक व कामगार यांचे प्रतिनिधी असलेल्या मंडळापुढे नेता येत असे आणि त्यानंतर अंतिम निर्णयासाठी पंच होता. अमेरिकेच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने दावा फेटाळल्या गेलेल्या व्यक्तीस निःपक्ष न्यायाधिकरणापुढे सुनावणीची संधी देणे राज्यांना बंधनकारक केले. दोन्ही ठिकाणी नाकारणारा आणि फेरविचार करणारा वेगळा होता. भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगारांसाठी २००५ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली. परंतु ती विमाधारकांपुरती होती. ग्रामीण मजुराची तक्रार मात्र प्रथम त्याच महसुली यंत्रणेकडे जात राहिली, जिच्यावर काम पुरविण्याचीही जबाबदारी होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, बेकारी भत्ता हा हमीचा पुरवणी भाग नसून तिचा कणा आहे. दोन, अपिलाच्या हक्काला लेखी निर्णयाची आणि लेखी निर्णयाला पोचपावतीची पूर्वअट असते. म्हणून खरा संघर्ष अपील मंडळाच्या दारात न होता अर्ज स्वीकारणाऱ्या टेबलापाशी होतो. तीन, हिर्डोशीसारख्या मुबलक पावसाच्या डोंगरी मुलखातील हंगामी बेकारी दुष्काळाच्या निकषांत दिसत नाही. ती केवळ मागणी अर्जांतूनच दिसू शकते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याऐवजी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला. दिवसांची संख्या वाढली, तरी या आढाव्यातून निष्पन्न होणारा प्रश्न तोच राहतो. ज्या खोऱ्यात तीनशे वर्षांपूर्वी वतनदाराच्या हरण्याचाही कागद होत असे, तेथील मजुराला काम मागितल्याचा कागद मिळतो की नाही, यावरच कोणत्याही हमीची कसोटी लागणार आहे.