वरकसातली नाचणी

मंडळी, डॉक्टर आज आम्हाला सांगतात, पिष्टमय पदार्थ कमी करा. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत तर पिढ्यान् पिढ्या ताटात बहुतेक तेच असायचं! सावित्रीकाठी भाताची खाचरं, वर उतारावर वरकस जमीन. तिथे नाचणी, मग वरी, कधी हरीक, आणि नंतर काही वर्षं रान पडीक.

नाचणीचा दाणा इतका बारीक, की कोंड्यासकट दळला जातो. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमच्या वर, सडलेल्या तांदळात दहाच्या आसपास. उगाच गोडवे गात नाही हं. श्रावण-भाद्रपदात कणगी रिकामी व्हायची, पोरं अर्धपोटी निजायची.

पुढे भाताच्या गिरण्या आल्या, मुंबईहून मनीऑर्डरी आल्या, रेशनचा तांदूळ आला. पांढरा भात म्हणजे प्रतिष्ठा ठरली. पाहुणा आला की नाचणीची भाकरी झाकून ठेवलेली मी पाहिली आहे. मीही तेव्हा भातच मागायचो, हे कबूल करतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळलं. नाचणी आता शहरात पाकिटातून मिळते. मला साखर आहे, म्हणून मीही आणतो. वाडीवरचं आमचं वरकस मात्र पडीकच आहे. चढून जाऊन नाचणी लावणारं घरात कुणी उरलेलं नाही.