तेव्हा तुम्ही कुठे होता?

चार पिकली पानं एकत्र आली की हा विषय हमखास निघतो. इंदिराजी गेल्या तेव्हा तुम्ही कुठे होता? शास्त्रीजी गेले तेव्हा? किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे? मग प्रत्येकजण सांगतो. कोण दाढी करत होतं, कोण एस. टी.त होतं, कुणाचं दूध उतू गेलं. आणि सांगणाऱ्याला कधीच शंका नसते बरं का!

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. त्यात एक विद्यार्थी (आता त्याच्याच डोक्यावरचे केस पांढरे झालेत) उठून म्हणाला, "बाई, इंदिरा गांधींना मारलं त्या दिवशी तुम्ही आमच्या वर्गात होता. शिपाई चिठ्ठी घेऊन आला. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, मुलांनो, दप्तरं आवरा." सगळे गंभीर झाले. दोघांतिघांनी माना डोलावल्या, त्यांनाही तसंच आठवत होतं.

तिथे मी काही बोलले नाही. पण मी त्या दिवशी वर्गात नव्हते, आणि तोही नव्हता. ३१ ऑक्टोबर १९८४ हा बुधवार होता. त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं २४ ऑक्टोबरला. म्हणजे भाऊबीज होऊन पाच दिवस झालेले. आमच्या शाळेला दिवाळीची सुट्टी होती आणि वर्गांना कुलपं होती.

जन्मभर शाळेत काढल्यामुळे मला साल आठवण्याआधी सत्र आठवतं. त्या हिशोबाने बघितलं तर गंमतच आहे. नेहरू गेले २७ मे १९६४ ला, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत. राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ ला, तीही उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि रात्री दहानंतर. गांधीजींवर गोळ्या झाडल्या त्या ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर, म्हणजे शाळा सुटल्यावर. तरीही "बातमी आली आणि शाळा सोडून दिली" असं या प्रत्येक दिवसाबद्दल सांगणारी माणसं मला भेटली आहेत. आमच्या पिढीने पंतप्रधान गेल्याची बातमी खरोखर शाळेत अनुभवली ती एकदाच, ११ जानेवारी १९६६ ला, मंगळवारी.

मग तो मुलगा खोटं बोलत होता का? मुळीच नाही. उल्रिक नायसर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. घरात रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना मध्येच बातमी आली आणि आपण आईला सांगायला वर धावलो, ही आठवण त्यांनी वर्षानुवर्षं जपली होती. पुढे एकदा त्यांच्या लक्षात आलं की डिसेंबरात बेसबॉलचे सामने नसतातच! १९८२ साली त्यांनी हे लिहून काढलं. त्यावर दुसऱ्या अभ्यासकांनी शोधून काढलं की त्या दिवशी रेडिओवर फुटबॉलचा सामना होता, आणि त्या संघांची नावं बेसबॉलच्या संघांचीच होती, जायंट्स आणि डॉजर्स. म्हणजे रेडिओ खरा, सामना खरा, धावणंही बहुधा खरं. फक्त खेळ बदलला.

आमच्या विद्यार्थ्याचंही तसंच झालं असावं. सुट्टी संपून नोव्हेंबरात शाळा उघडली तेव्हा पहिल्याच दिवशी शोकसभा झाली होती. मैदानावर रांगा लावल्या, दोन मिनिटं उभं राहिलो, मुख्याध्यापक बोलले. मी खडू खाली ठेवला असेन तो तेव्हाच. पोराच्या मनाने ती शोकसभा उचलून मूळ दिवसावर नेऊन बसवली. दुःखाला एक जागा लागते, आणि मुलांची जागा म्हणजे वर्ग. असो.

आता १९६६ चं सांगते, कारण ते तपासून घेता येतं.

मी नववीत होते. आमचं घर इंदापूरला. आदल्या वर्षीच्या युद्धाच्या आणि धान्यटंचाईच्या दिवसांत शास्त्रीजींनी देशाला सांगितलं होतं की आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा. त्यासाठी सोमवारची संध्याकाळ ठरली होती. हॉटेलंही त्या संध्याकाळी बंद असत. आमच्या दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) ते अगदी एकादशीसारखं पाळलं. सोमवारी संध्याकाळी चूल पेटायची नाही. आजी कुरकुरायची की एकादशी देवाने सांगितली, ही कोणी सांगितली? दादा म्हणायचे, "दिल्लीच्या देवाने." धाकट्या भावाला तेवढं दूध मिळायचं.

१० जानेवारी १९६६ हा सोमवारच होता. त्याच दिवशी ताश्कंदला करारावर सह्या झाल्या. आमच्याकडे त्या बैठकीबद्दल जास्तच उत्सुकता होती, कारण संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव तिथे गेले होते. दादा तर "आपले यशवंतराव बघतायत ना," असं म्हणून निर्धास्त होते. त्या रात्री आम्ही नेहमीप्रमाणे उपाशी झोपलो. आणि आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला असताना ज्यांच्या शब्दाखातर आम्ही उपाशी होतो, ते ताश्कंदमध्ये गेले.

सकाळी शेजारच्या रेडिओवर बातमी आली. आईने तिळाचा हलवा करायला घेतला होता, संक्रांत तीन दिवसांवर आलेली. तिने शेगडी विझवली. शाळेत प्रार्थना झाली आणि हेडसर बोलायला उभे राहिले. दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. शाळा सोडली. तरी आम्ही मुली लगेच घरी गेलो नाही, फाटकाशीच उभ्या राहिलो, कारण सुट्टी मिळाल्याचा आनंद करायचा की नाही ते कळत नव्हतं. उन्हं वर आल्यावर पुण्याच्या एस. टी.ने वर्तमानपत्रं आली. आमच्या गावाला यायची ती आवृत्ती रात्री लवकर छापून निघायची. तिच्यात पहिल्या पानावर कराराची बातमी होती आणि शास्त्रीजी जिवंत होते. दादांनी तो अंक पुरता वाचून काढला, जाहिरातींसकट. मग घडी करून ट्रंकेत ठेवला.

पुढच्या सोमवारी आईने दादांना विचारलं, "आज काय करायचं?" दादा म्हणाले, "चूल पेटवू नका." मी लग्न होऊन जाईपर्यंत त्या घरात सोमवारी रात्री स्वयंपाक झाला नाही. नंतरच्या पंतप्रधानांनी काय सांगितलं न सांगितलं याच्याशी दादांना कर्तव्य नव्हतं.

१९८४ च्या त्या बुधवारी मी कुठे होते, तर याच घरी, माहेरी, भाऊबिजेला गेले होते ती अजून परतले नव्हते. सकाळी सव्वानऊच्या सुमाराला दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या. आकाशवाणीने हल्ल्याचं सांगितलं, पण मृत्यूचं काही सांगेना. बीबीसी ऐकणारे गावात चारदोन होतेच, त्यामुळे दुपारपर्यंत "गेल्या" हा शब्द गल्लीत फिरत होता. दादांचा नियम असा की आकाशवाणी सांगेपर्यंत माणूस जिवंत आहे. माझ्या वहिनीच्या तोंडून "गेल्या" निघालं तर तिच्यावर ओरडले. संध्याकाळी सहाच्या बातम्यांत ते अधिकृतपणे सांगितलं तेव्हा दादा उठून आंघोळीला गेले. साऱ्या जगाला ठाऊक झालेली गोष्ट देशाला संध्याकाळपर्यंत सांगायची नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. अफवांना तेवढे तास मोकळं रान मिळालं.

पुढचे दिवस दिल्लीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नंतर सरकारी समितीनेच एकट्या दिल्लीत मारल्या गेलेल्या शिखांचा आकडा २,७३३ दिला. "तेव्हा तुम्ही कुठे होता?" असं आपण विचारतो तेव्हा एक गोष्ट धरूनच चालतो, की समोरचा माणूस आपल्यासारखाच लांब, सुखरूप, रेडिओपाशी होता.

गावाबाहेर सोलापूर रस्त्यावर एका सरदारजींचा ढाबा होता. वीसेक वर्षं तिथे राहून ते आमच्यासारखंच मराठी बोलायचे, फक्त 'ळ'चा 'ल' व्हायचा. त्या आठवड्यात ढाबा बंद होता. पाटीवर चुना फासलेला मी स्वतः बघितला. तो त्यांनीच फासला होता. गावात त्यांना कोणी काही केलं नाही, पण त्या चार दिवसांत त्यांच्याकडे कोणी गेलंही नाही. दादासुद्धा नाही.

१९९० च्या सुमाराला एकदा भावाच्या गाडीतून परत येताना आम्ही तिथे चहाला थांबलो. इंदिराजींचा विषय निघाला आणि मी सहज, सगळ्यांना विचारावं तसं विचारून गेले, "तुम्ही कुठे होतात हो तेव्हा?"

ते म्हणाले, "पोस्टात, ताई. बहिनीला दिल्लीला ट्रंक कॉल लावला होता. सकाली जायचो, बंद होईपर्यंत बसायचो. पाचव्या दिवशी लागला."

"मग?"

"बहीन बोलली," ते म्हणाले. मेव्हण्यांबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.