चिमूटभर मीठ आणि गळ्यातली ग्रंथी



हल्ली प्रत्येक बचत गटात एखादी तरी म्हणतेच, “मला थायरॉईड आहे.” खरं तर थायरॉईड आपल्या सगळ्यांनाच असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. चुलीची आच कमी-जास्त करावी तशी ती शरीराची आच सांभाळते. त्यासाठी ती जो रस बनवते त्याला संप्रेरक, म्हणजे हार्मोन म्हणतात. हा रस कमी पडला की थकवा येतो, थंडी सोसत नाही, अंगावर सूज येते, केस गळतात, पाळी बिघडते, कधी मूल राहत नाही. आणि घरात मात्र ऐकावं लागतं, “आळशी झालीय.” म्हणून आज आम्ही या आजाराचा इतिहास सांगणार आहोत. बाईच्या स्वभावावर ढकललेलं दुखणं रक्ताच्या तपासणीपर्यंत कसं पोहोचलं, त्याची ही गोष्ट आहे.

गळ्याला येणारी गाठ आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तिला ‘गलगंड’ म्हटलं आहे. डोंगराळ भागात ती जास्त दिसायची. कुणी पाण्याला दोष द्यायचं, कुणी नशिबाला, कुणी शापाला. खरं कारण जमिनीत होतं. पाऊस आणि बर्फ डोंगरावरच्या मातीतलं आयोडीन धुऊन नेतात. मातीत आयोडीन नाही म्हणून पिकात नाही, पिकात नाही म्हणून ताटात नाही. आयोडीन मिळेना म्हणून ग्रंथी जास्त राबते आणि फुगते. आईच्या पोटातच बाळाला आयोडीन कमी पडलं तर त्याच्या मेंदूची वाढ खुंटते. अशा मुलांच्या आयांनी किती दोष ऐकून घेतला असेल, याचा विचार करा.

आयोडीन हा पदार्थ १८११ मध्ये फ्रान्सच्या बर्नार कूर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेत सापडला. १८२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या जिनेव्हाच्या कोआंदे या डॉक्टरांनी गलगंडावर ते देऊन पाहिलं. गाठी कमी झाल्या, पण ज्यांना जास्त आयोडीन गेलं त्यांना त्रासही झाला. म्हणजे आयोडीन लागतं, पण मोजकंच, हे तेव्हाच दिसलं. मिठात आयोडीन मिसळून वाटायला स्वित्झर्लंडमध्ये १९२२ साली सुरुवात झाली.

पण गाठ डोळ्यांना दिसते. जिच्या गळ्याला गाठच नाही आणि तरी रस कमी पडतो, तिचं काय? लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी १८७३ मध्ये अशा काही प्रौढ बायकांचं वर्णन लिहिलं. चेहरा सुजलेला, बोलणं जड, हालचाल मंद. आजाराला नाव मिळालं, पण औषध नव्हतं. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांकडे ४६ वर्षांची एक बाई आली. तिला काम करावंसं वाटत नव्हतं, परक्या माणसांसमोर जायला नको वाटायचं. मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क काढून तिला टोचला. काही महिन्यांत सूज उतरली, बोलणं सुधारलं. पुढे तो अर्क ती तोंडानेच घेऊ लागली. १९१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी ती वारली. या २८ वर्षांत तिच्या औषधासाठी ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तेच काम छोटीशी गोळी करते.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९५६ मध्ये हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग सुरू केला. तिथे शाळेतल्या शंभर मुलांमागे ३८ च्या आसपास मुलांना गलगंड होता. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीनचं मीठ दिलं, एका भागात साधं. सहा वर्षांनी पाहिलं, तर आयोडीनच्या मिठाच्या भागांत गलगंड निम्म्यावर किंवा त्याहून खाली आला होता, साध्या मिठाच्या भागात तो होता तसाच होता. मग तिथेही आयोडीनचं मीठ सुरू झालं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला.

कायद्याची वाट मात्र सरळ नव्हती. बिगर-आयोडीन खाण्याच्या मिठाच्या विक्रीवर १९९७ मध्ये केंद्राने बंदीची अधिसूचना काढली. ज्या देशात मिठासाठी सत्याग्रह झाला, आपल्या कोकणात शिरोड्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तिथे मिठाची सक्ती अनेकांना पटली नाही. मिठागरांवर पोट असलेल्यांचीही काळजी होती. २००० मध्ये केंद्राने बंदी उठवली. २००५ मध्ये ती पुन्हा आणली आणि मे २००६ पासून लागू झाली.

बैठकीत आम्हाला नेहमी विचारतात, “समुद्राच्या खडेमिठात आयोडीन असेलच ना?” नाही. मीठ तयार होताना ते जवळजवळ राहतच नाही. उपवासाच्या सैंधवातही वरून मिसळल्याशिवाय ते नसतं. आणि आपल्याला लागतं तरी किती? जन्मभराचं आयोडीन चमचाभरसुद्धा भरत नाही. पण ते रोज थोडं थोडं मिळावं लागतं.

मग आयोडीनचं मीठ खाऊनही थायरॉईडचा त्रास का होतो? याचं उत्तर जपानचे हाकारू हाशिमोतो यांच्या कामात मिळालं. त्यांनी १९१२ मध्ये चार बायकांच्या ग्रंथींचं वर्णन केलं. पुढे कळलं, की या आजारात शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून ग्रंथीवर उलटते. हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो. तो मिठाने बरा होत नाही. त्याला तपासणी आणि गोळी लागते.

त्या तपासणीमागेही एक बाई आहे. अमेरिकेच्या रोझलिन यालो आणि त्यांचे सहकारी सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं अगदी कणभर संप्रेरक मोजायची पद्धत शोधली. त्याबद्दल यालो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वाटेने टीएसएच मोजता येऊ लागलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती थायरॉईडची मुकादम समजा. काम कमी झालं की मुकादम जास्त ओरडतो. ते ओरडणं म्हणजे टीएसएच. म्हणून थायरॉईड मंदावला की साधारणपणे टीएसएच वाढलेलं दिसतं.

आता कामाच्या गोष्टी. थकवा रक्त कमी असल्यामुळेही येतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि टीएसएच, दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा. दिवस गेले असतील किंवा मूल राहत नसेल तर आवर्जून विचारा. गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची, चहा अर्ध्या ते एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी. बरं वाटलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. दिवस गेल्यावर तर मुळीच नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. आयोडीनचं मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा आणि भाजीत शेवटी घाला. पण जास्त खाऊ नका, त्याने रक्तदाब वाढतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरच्या मिठाची पुडी आणा. त्यावर काय लिहिलंय ते आपण मिळून वाचू. आणि गटात कुणी सतत थकलेली दिसली, तर तिला नावं ठेवण्याआधी तिच्यासोबत दवाखान्यात जाऊ.