लठ्ठपणाविरोधी अभियान आणि वजनकाट्याचा जुना इतिहास

मे २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक शासननिर्णय काढला. शाळेच्या कँटीनमध्ये काय विकायचं नाही, याची यादी त्यात होती. चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, कोल्ड्रिंक ही नेहमीची मंडळी तर होतीच, पण त्यांच्या रांगेत आपला गुलाबजामही बसला होता. जास्त चरबी, जास्त मीठ, जास्त साखर असं ज्यात ते ते सगळं बाद. त्याऐवजी पोळी, भाजी, वरण-भात, खिचडी, उपमा, इडली ठेवा, असं सांगितलं होतं.

पुढच्याच वर्षी, २०१८ च्या डिसेंबरात, वैद्यकीय शिक्षण खात्याने लठ्ठपणाविरोधी अभियानाचे ब्रँड अँबॅसिडर म्हणून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना नेमलं. खात्याचे मंत्री होते गिरीश महाजन, तेव्हा ते आमच्या नाशिकचे पालकमंत्रीही होते. पुढचं तुम्हाला आठवत असेलच. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला, हे दीक्षितांचं सूत्र. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून आपल्याला ते सुचलं, असं ते स्वतःच सांगतात. समोर ऋजुता दिवेकर, ज्या थोडं-थोडं, वेळच्या वेळी खायला सांगतात. घराघरात दोन पक्ष पडले. लग्नाच्या पंगतीत ‘तू दीक्षित की दिवेकर?’ असं विचारलं जाऊ लागलं. हॉटेलातल्या मिसळीसमोर बसूनसुद्धा हीच चर्चा, आणि नाशिकात मिसळ सोडून चर्चा करणारा माणूस विरळाच, हे वेगळं सांगायला नको.

मला या वादात कोण बरोबर हे सांगायचं नाहीये, तो माझा विषयच नाही. माझा प्रश्न इतिहासाचा आहे. राज्य सरकारला लठ्ठपणावर काही करायचं होतं, तर त्याचं रूप ‘किती वेळा जेवावं’ या सल्ल्याचंच का झालं?

थोडं मागे जाऊया. आपल्याकडे राज्यकर्त्याने प्रजेच्या शरीराची काळजी वाहण्याची एक ठळक परंपरा आहे, ती व्यायामाची. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२० च्या दशकात सूर्यनमस्काराचा प्रचार केला आणि संस्थानातल्या शाळांमध्ये तो सुरू केला. १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम. नाशिकमध्ये डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल काढलं. या सगळ्यांचा भर वेगवेगळा, राजकारणही वेगळं. पण एक धागा समान: शरीर दुबळं आहे आणि ते कमावणं ही ज्याची त्याची जबाबदारी आहे. ‘आळस सोडा, नियम पाळा’ ही भाषा तिथली. आजच्या अभियानातली पत्रकं वाचलीत तर तोच सूर ऐकू येईल, फक्त दुबळ्याच्या जागी लठ्ठ आलाय.

दुसरी परंपरा भुकेची. सरकारी यंत्रणा खऱ्या अर्थाने तयार झाली ती इथे. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर १९७२ चा दुष्काळ विचारून बघा. मिलो नावाची लाल ज्वारी आणि सुकडी, हे दोन शब्द हमखास येतील. पुढे १९९३ च्या सुमारास मेळघाटातल्या बालमृत्यूंनी सरकारला हलवलं, १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन आलं. अंगणवाडीत वजनकाटा आला तो या वाटेने. मूल काट्यावर ठेवायचं, आकडा तक्त्यात भरायचा आणि बघायचं एकच: वजन कमी तर नाही ना? जास्त वजन म्हणजे आनंदाची बातमी. ‘बाळसं’ हा शब्द आपण उगाच कौतुकाने वापरत नाही.

आता या दोन्ही परंपरांना पेचात टाकणारं काम पुण्यात झालं. त्यावर जरा थांबावंसं वाटतं, कारण ते आपल्याकडे हवं तेवढं पोचलेलं नाही.

केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणात त्या काय खातात, किती कष्ट करतात आणि बाळ कसं जन्मतं, हे पाहायचं होतं. बाळांचं सरासरी वजन भरलं साधारण २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. इथवर अपेक्षितच. पण मोजमापं बारकाईने पाहिली तेव्हा दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. म्हणजे दिसायला रोड, आतून चरबीदार. अशी शरीरं पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतात, असं हे संशोधन सांगतं.

याच याज्ञिकांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सोबत लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्याने दोघांना एकच निकाल दिला असता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सुचवलं की आशियाई लोकांसाठी २५ ची वाट न पाहता २३ पासूनच सावध व्हावं.

यातून निघणारी गोष्ट अवघडच आहे. जिच्या आईला पोटभर मिळालं नाही, ती मुलगी पुढे गावातून शहरात आली, चालणं कमी झालं, बिस्किटं-फरसाण हाताशी आलं, तर तिला धोका जास्त. नाशिक जिल्ह्यात हे दोन टोकांचे प्रश्न एकाच जिल्हा परिषदेच्या नकाशावर दिसतात. एकीकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे आदिवासी तालुके, दुसरीकडे शहर. रोजगारासाठी या तालुक्यांतली माणसं शहरात येतात. कुपोषण आणि लठ्ठपणा हे दोन वेगळ्या लोकांचे आजार आहेत असं आपण धरून चालतो, पण अनेकदा ते एकाच घराच्या दोन पिढ्यांचे असतात, कधी कधी तर एकाच माणसाच्या आयुष्याचे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये देशातल्या २०.६ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं. २०१९-२१ मध्ये ते २४ टक्के झालं. पाच वर्षांत एवढ्या बायका अचानक आळशी झाल्या, असं मानायला मी तरी तयार नाही. काय स्वस्त झालं आणि कधी, हे आधी पाहायला हवं. साखरेचं तर आपल्याच राज्याला माहेरघर म्हणावं. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना सुरू झाला आणि ऊस हे इथल्या राजकारणाचं पीक झालं. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला तर वालचंद हिराचंद यांनी त्याआधीच, १९३३ मध्ये, साखर कारखाना काढला होता. शाळेबाहेर तुम्ही चघळलेली पान पसंद गोळी याच रावळगावची. तेलाचं म्हणाल तर १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. स्वस्त तळण गल्लोगल्ली पोचलं त्यामागे हा निर्णय मोठा आहे, तरी कुठल्याही आहारसल्ल्यात त्याचा उल्लेख सापडत नाही.

आणि सर्वांत बोलकं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनवर ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. मला यावर नाक मुरडायचं नाही. गरिबाच्या घरी दिवाळीला करंजी तळली जावी, यात गैर काय? शंकरपाळ्यांच्या पंगतीत उपदेश करणारे बहुधा स्वतःचं ताट आधीच भरून बसलेले असतात. तरी एवढं लक्षात घ्या की लठ्ठपणा टाळायला सांगणारं आणि हा शिधा वाटणारं सरकार एकच. पहिलं काम वैद्यकीय शिक्षण खात्याचं, दुसरं अन्न व नागरी पुरवठा खात्याचं. पहिल्याने काय खाऊ नये ते पत्रकातून सांगितलं, दुसऱ्याने काय खायचं ते पिशवीत घालून घरी पोचवलं.