बर्नडेन पार्कचे तेहतीस
माझा बाप मुंबईच्या गिरणीत खपला. म्हणून लँकेशायरमधल्या बोल्टन या गिरण्यांच्या गावातील जुन्या फुटबॉल मैदानाची हकीकत मला परकी वाटत नाही. 1895 साली सुरू झालेले बर्नडेन पार्क म्हणजे कामकऱ्यांची शनिवारची दुपार. 9 मार्च 1946 रोजी स्टोक सिटीविरुद्धच्या एफ. ए. कप सामन्याला तिथे सुमारे 85,000 माणूस लोटला. एका स्टँडमध्ये सरकारी माल साठवलेला, त्या बाजूची फाटके बंद. लोंढा सगळा रेल्वेकडच्या उतारावर. कठडे मोडले. 33 जण चिरडून, गुदमरून मेले. प्रेते मैदानाच्या कडेला कोटांखाली झाकली आणि खेळ पुन्हा सुरू केला. मधली सुट्टीसुद्धा घेतली नाही! गर्दी बिथरेल, हे कारण. असेलही. पण खुर्च्यांवर बसणारे 33 मेले असते तर?

चौकशी अहवालाने त्याच वर्षी सांगितले : मैदानांना परवाने लावा, गर्दीला मर्यादा घाला. कायदा झाला 1975 साली. तोही 1971 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर आणखी 66 बळी गेल्यावर. 1997 मध्ये क्लब नव्या मैदानावर गेला. जुने पाडले, तिथे सुपरमार्केट आले. मृतांच्या आठवणीची पाटी त्या दुकानात लागली.