डाव्या पायाची विद्या

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. वर्गात मुलांना मीही तेच शिकवीत आलो आहे. परंतु माणसाच्या हातापायांत मुरलेल्या विद्यांनाही इतिहास असतो, आणि तो लिहिण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. अशाच एका विद्येची हकिगत आज वाचकांना सांगावी म्हणतो. ती विद्या म्हणजे मोटार हाकणाऱ्याच्या डाव्या पायाची.

एसटीच्या पुढच्या बाकावर बसून ज्यांनी घाट चढला आहे, त्यांनी ती पाहिलेली असेल. चढणीवर पुढचा ट्रक अडतो, आपली गाडी थांबते. पुन्हा निघताना ड्रायव्हर क्लचवरचा पाय हळूहळू उचलतो. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित दबतो, गाडीच्या अंगातून बारीकसा कंप जातो, आणि एवढी अवजड गाडी मागे न घसरता जागच्या जागी तोलून राहते. यालाच 'हाफ क्लच' म्हणतात. इंजिनाबरोबर फिरणारे चाक आणि गिअरकडे जाणारी क्लच प्लेट एकमेकांना नुकती कुठे भिडू लागतात, तो हा बिंदू. त्याच्या अलीकडे पाय राहिला तर गाडी हलत नाही. झटक्याने पलीकडे गेला तर ती उडी मारून बंद पडते.

हा बिंदू जुळवण्याची खटपट मोटारीइतकीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ गाड्यांचा क्लच शंकूच्या आकाराचा असे आणि त्यावर चामडे मढवलेले असे. चामडे तेलकट होऊन घसरू लागले की त्यावर मुलतानी माती भुरभुरवीत. वाळून कडक झाले आणि गाडी धक्के देऊ लागली की तेल चोळून ते मऊ करीत. आपल्या घरी तोंडाला लावायची माती मोटारीलाही लागत होती, हे वाचून मला मोठी गंमत वाटली! पुढे चामडे गेले, चपटी प्लेट आली, परंतु तो बिंदू ओळखण्याचे काम पायाकडेच राहिले.

ते काम पायाकडून काढून घेण्याचा एक मोठा प्रयत्न १९५५ साली फ्रान्समध्ये झाला. सित्रोएन कंपनीच्या 'डीएस' गाडीत क्लचचे पेडलच नव्हते. तेलाच्या दाबाने क्लच आपोआप उघडे नि मिटे. तथापि या हकिगतीतला खरा रंगतदार भाग घडला तो इटलीत.

फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांची आखणी त्या काळी जॉन बर्नार्ड नावाच्या इंग्रज अभियंत्याकडे होती. गाडीचा पुढचा भाग अरुंद करावा, तर गिअरचा दांडा आणि त्याच्या सळ्या आड येत. त्याने दांडाच काढून टाकला आणि स्टिअरिंगच्या मागे दोन पाती बसवली. पाते बोटाने ओढले की वीज आणि तेलाचा दाब मिळून गिअर बदलीत. सरावात ही गाडी वारंवार बंद पडे. २६ मार्च १९८९ रोजी ब्राझीलमध्ये रिओजवळ पहिली शर्यत झाली, तेव्हा आपण लवकरच बाद होणार असे गृहीत धरून नायजेल मॅन्सेलने लवकरच्या विमानाची सोय करून ठेवली होती, असे तो पुढे सांगत असे. पण गाडी शेवटपर्यंत धावली आणि त्याने शर्यत जिंकली! कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी मात्र हा विजय पाहायला उरले नव्हते. आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, ते वारले होते.

आता एक बारीकशी गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. या गाडीत क्लचचे पेडल शाबूत होते, आणि जागेवरून निघताना ते पायानेच सोडावे लागे. म्हणजे भरधाव वेगात गिअर बदलणे यंत्राला जमले. जागेवरून हळूच निघणे मात्र माणसाकडेच राहिले.

१९९७ साली फेरारीने '३५५ एफ१' ही रस्त्यावरची गाडी काढली आणि तेही पेडल गेले. शर्यतीत जागेवरून निघायचे ते क्वचित. शहरात मात्र सिग्नलपाशी दर दोन मिनिटांनी निघावे लागते. तेव्हा पायाची समज संगणकाला द्यायची, तर आकड्यात मांडण्यावाचून गत्यंतर नव्हते. क्लच दाबणारे बेअरिंग किती सरकले हे एक संवेदक मोजतो, आणि कोणत्या अंतरावर प्लेट धरू लागते तो आकडा संगणकात भरलेला असतो. इटालियन लोक त्याला 'पुन्तो इन्चिपिएन्ते स्लित्तामेन्तो' म्हणतात. घसरण जिथे सुरू होते तो बिंदू, असा त्याचा अर्थ. आपला हाफ क्लच तो हाच!

परंतु प्लेट झिजते, आणि झिजली की तो बिंदू सरकतो. संगणक जुन्याच आकड्यावर विसंबून राहिला, तर कधी गाडी धक्के देत निघते, तर कधी क्लच नको तितका घासून जळका वास येतो. चढावर मागे घेताना हे लगेच उघडकीस येते. मग मेकॅनिक आपले उपकरण जोडतो, झीज पाहतो, आकडा मिलिमीटरच्या दशांशाने इकडेतिकडे करतो, आणि नंतर स्वतः गाडीत बसून ती चालवून बघतो. कंप कुठे जाणवतो, गाडी सुटते कशी, याचा निवाडा अखेर त्याच्या अंगालाच करावा लागतो. नवी प्लेट बसवली की पुन्हा पहिल्यापासून जुळवणी.

पुढे दोन क्लचांचे गिअरबॉक्स आले. २००९ च्या '४५८ इटालिया'पासून तर ही एका क्लचची पद्धत फेरारीत मागेच पडली. ती लोपली मात्र नाही. २०१४ साली आपल्याकडे मारुतीची 'सेलेरिओ' बिनपेडलाची निघाली, त्याच वर्षी टाटांची 'झेस्ट'. दोन्हींतली यंत्रणा मान्येती मारेल्ली या इटालियन कंपनीची, आणि फेरारीच्या त्या गाडीच्या कामातही हीच कंपनी होती. कोट्यधीशांसाठी निघालेली युक्ती अशी मध्यमवर्गाच्या दारात आली. पुढच्या यंत्रणांत तर संगणक झिजेप्रमाणे आपला आकडा थोडाफार स्वतःच सुधारून घेऊ लागला.

डाव्या पायाला विश्रांती मिळाली याचे मला दुःख नाही. गुडघे दुखणाऱ्यांना आणि रहदारीत रोज तासन्‌तास अडकणाऱ्यांना हे वरदानच आहे. मनात येते ते एवढेच, की ज्या मेकॅनिकने आयुष्यात कधी घाटात हाफ क्लचवर गाडी तोलली नाही, त्याला तो आकडा चुकल्याचे कळणार कशाने? पाठ्यपुस्तकात मावते तेवढे मी मुलांना शिकवतो. अंगात मुरायचे ते त्यांना स्वतः करूनच मिळवावे लागते. यंत्रालाही ते कोणीतरी स्वतः करून पाहिलेल्यानेच शिकवले आहे.