वसतिगृहातील होम्स

इ. स. १८८७ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांच्या लेखणीतून अवतरलेला शेरलॉक होम्स हा स्वतंत्र पुरुष होय. त्याला स्वतःचे बिऱ्हाड आहे, पोलीस-अधिकारी त्याच्या दारी येतात, आणि त्याच्या बुद्धीने विस्मित होण्यास वॉटसन सदैव सिद्ध आहे. हाच पुरुष शाळकरी वयात, वसतिगृहाच्या घंटेच्या हुकमतीखाली आणून उभा केला, तर त्याच्यातले काय उरते? १९८५ च्या ‘यंग शेरलॉक होम्स’ या चित्रपटाने होम्स व वॉटसन यांची पहिली भेट निवासी शाळेतच घडवून हा प्रश्न विचारला. मराठीत तो त्यापूर्वीच विचारला गेला होता. परंतु बालवाङ्मय हे समीक्षेच्या ओसरीवरच बसवून ठेवण्याचा आपला प्रघात असल्यामुळे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

मराठी रहस्यकथा दातारशास्त्र्यांच्या काळापासून परकीय बीजावर पोसलेली आहे. पुढे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहून तिला घरोघर नेले. त्यांच्या धनंजय आणि छोटू या जोडीवर होम्स-वॉटसनची छाया उघड दिसते. ही पुस्तके मुलांनी पाठ्यपुस्तकाखाली लपवून वाचली. तथापि त्या कथांत मुलांना स्थान नव्हते.

ते दिले भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१). १९५१ साली ‘बालमित्र’ मासिक सुरू करणारा आणि ज्यूल व्हेर्नच्या अद्भुत कथा मराठीत आणणारा हा लेखक परकीय साच्याचे सामर्थ्य व त्याचा धोका, दोन्ही जाणत होता. फुरसुंगीचा बनेश फेणे, ऊर्फ फास्टर फेणे, हा पुण्याच्या विद्याभवन शाळेचा विद्यार्थी. सुमारे वीस पुस्तकांतून तो प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत धावला. येथे भागवतांनी केलेली निवड लक्षात घेण्याजोगी आहे. होम्सची ग्रंथविद्या त्यांनी बिपिन बुकलवार या दुसऱ्या, पुस्तकवेड्या नायकाकडे सोपविली आणि फेणेला पाय, सायकल व धिटाई दिली. राखेवरून तंबाखू ओळखणारा पोरगा पोक्त वाटला असता. धावत सुटणारा पोरगा खरा वाटतो.

सत्यजित राय यांनी १९६५ पासून लिहिलेल्या फेलूदाच्या कथांशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. फेलूदा होम्सला गुरू मानतो, पण तो प्रौढ आहे. किशोरवयीन तोपशेच्या वाट्याला वॉटसनची, म्हणजे निवेदकाची, जागा आली आहे. बंगालीने मुलाला साक्षीदार केले, भागवतांनी त्याला कर्ता केले. कर्तेपणाची किंमतही त्यांनी मोजली. मुलाच्या शब्दाला पोलिसांपुढे वजन नसते, म्हणून पुरावा हाती येईपर्यंत त्याला स्वतःच संकटात उडी घ्यावी लागते, आणि सुटकेसाठी योगायोगाची मदत वारंवार घ्यावी लागते. हा दोष नाकारण्यात अर्थ नाही. मात्र वडीलधाऱ्यांच्या नजरेआड, शाळेची शिस्त आणि स्वतःचे कुतूहल यांच्या ओढाताणीत मुलाची बुद्धी जागी होते, ही वसतिगृहाची खरी देणगी आहे.

२०१७ च्या मराठी चित्रपटात बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास आलेला तरुण झाला. चित्रपट रंगला, परंतु शाळा गेली, आणि तिच्याबरोबर परवानगीवाचून बाहेर पडण्यातला थरारही गेला. उरला तो एक चपळ गुप्तहेर; तसे मराठीत पूर्वीही होते.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राबाहेर जातो. भागवतांचा जन्म इंदूरचा. रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. त्या परिसरातील मराठी मुलाच्या घरी मराठी आणि रस्त्यावर हिंदी व छत्तीसगढी असते. १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. १९०० साली माधवराव सप्रे या मराठीभाषक संपादकाने पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्याच वर्षी गोपालराम गहमरी यांनी आपल्या गहमर गावाहून ‘जासूस’ काढले. म्हणजे या प्रदेशातील वाचकाकडे गुप्तहेर दोन भाषांतून चालत आला. फेणेला पुण्याच्या पेठांपुरता मानणाऱ्या अभ्यासकाने गहमरींचे अंक व ‘बालमित्र’ची वर्षे शेजारी ठेवून वाचावयास हवीत, ते काम अजून व्हावयाचे आहे.